जुन्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलला पेट्रोल फिल्टर बसवताना: माझा अनुभव

टाकीत गंज असेल तर फिल्टर आणायच्या आधी टाकी धुवून घ्या. मी आधी फिल्टर बसवला, टाकी नंतर धुतली. परिणाम असा की चार दिवसांत जाळी तांबडी झाली आणि गाडी पुन्हा गचके खाऊ लागली. कॉकच्या, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाच्या, वरची जाळीही त्याच वेळी काढून पाहा. जुन्या गाडीत ती बहुधा फाटलेली असते, आणि फाटली की बारीक गंज थेट कार्बमध्ये (कार्ब्युरेटरमध्ये) उतरतो. पायलट जेटमध्ये, म्हणजे मंद चालीसाठीच्या बारीक छिद्रात, कण अडकला की गाडी आयडलला (रेस न देता) चालू राहत नाही. कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटच्या नीडलखाली अडकला तर ओव्हरफ्लो, म्हणजे पेट्रोल बाहेर वाहतं.

फिल्टर घेताना दुकानदार कागदी पुढे करतो. घेऊ नका. कागदी फिल्टर बहुतेक पंपाच्या दाबावर चालणाऱ्या गाड्यांसाठी असतात. इथे पंप नाही, टाकी कार्बच्या जेमतेम वीतभर वर, तेवढाच काय तो दाब. शिवाय पेट्रोलमध्ये पाणी आलं की कागद फुगतो. नायलॉनच्या जाळीचा, पारदर्शक, छोटा फिल्टर पुरतो. काचेचा दिसायला झकास, पण त्याचे रबरी वॉशर कालांतराने पाझरतात.

नळीही नवीनच घ्या, इथेनॉल सोसणारी. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी रबरी नळी आतून सुटते. व्यास अंदाजाने घेऊ नका, कार्बचं तोंड मोजून घ्या.

इंजिन थंड, जागा मोकळी, कॉक बंद, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल बाटलीत काढलेलं. नळी कात्रीने कापली तर तोंड चेपतं, म्हणून नवीन ब्लेड वापरा. कापलेल्या तुकड्यांतून फुंकर मारा. फिल्टरनंतरच्या तुकड्यातला रबराचा चुरा फिल्टर अडवणार नाही, तो सरळ जेटमध्ये जाईल. नळीचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरलं की सहज चढतं, पण चढवण्याआधी आतलं पाणी झटकून पुसून घ्या. फिल्टरवरचा बाण कार्बकडे. चारही जोडांना क्लिप.

खरी गोम नळीच्या वाटेत आहे. कॉकपासून कार्बपर्यंत नळी सतत उताराला हवी. फिल्टर घुसवण्यासाठी मध्ये कमान केली की तिथे हवा अडकते. फिल्टर सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांना टेकला तर पेट्रोल तापून बुडबुडे धरतं आणि प्लास्टिकही लवकर ठिसूळ होतं. जागा कमी असेल तर तिरका बसवा.

आता मोजमाप. कार्बकडचं टोक काढून मापाच्या बाटलीत सोडा, कॉक चालू करा. पूर्ण रेसवर ताशी ८० किमी आणि लिटरला २० किमी धरलं तर तासाला ४ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण ६७ मिली लागतं. मी मिनिटाला किमान १५० मिली मिळाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढत नाही. मोजणी टाकी भरलेली असताना नको, रिझर्व्हवर करा, कारण तेव्हा दाब सर्वांत कमी असतो. झाकण लावूनच करा. झाकण उघडल्यावर धार वाढली तर फिल्टरचा दोष नाही, झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय.

चार स्ट्रोकच्या गाडीला पेट्रोल कमी पडलं तर ती बहुतेक वेळा नुसती मिसिंग करते. आरएक्स १०० दोन स्ट्रोकची; तिच्यात मिश्रण पातळ झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं) की पिस्टन तापतो आणि इंजिन जाम होऊ शकतं. लांब चढावर पूर्ण रेसवर गाडी अचानक ढिली वाटली तर रेस लगेच सोडा, क्लच दाबा.

फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो म्हणून पुष्कळजण घाबरतात. धार पुरेशी असेल तर वरचा हवेचा बुडबुडा तसाच राहू द्या. पहिल्या दिवशी इंजिन बंद, कॉक चालू ठेवून दहा मिनिटं जोडांवर कोरडं बोट फिरवा. मी फिल्टर वर्षाला बदलतो, प्लास्टिक पिवळं पडलं तर त्याआधीच.