पेढ्याच्या चोरीचा खटला आणि माझ्या पाच चकरा

आठवीच्या नागरिकशास्त्रात 'भारतातील न्यायव्यवस्था' असा धडा आहे, नंतर राज्यशासन आणि मग नोकरशाही. माझा नोकरशाहीचा धडा यंदा सगळ्यात आधी झाला, तो कसा ते सांगते.

वर्गात कोर्ट भरवायचं ठरलं, म्हटलं आधी पोरांना खरं कोर्ट दाखवू. आम्ही साताऱ्यातच, कोर्ट लांब नाही. हेडसर म्हणाले, मुलं शाळेबाहेर न्यायची तर वरून लेखी परवानगी आणा. वरून म्हणजे एक ऑफिस, नाव घेत नाही, त्या टेबलावर अजून कामं पडायची आहेत.

पहिल्या चकरेत कळलं की अर्जात 'विषय' आहे पण 'संदर्भ' नाही. अहो, पहिलाच अर्ज, संदर्भ कशाचा देऊ? तर म्हणे अभ्यासक्रमाचा द्या. दुसऱ्या चकरेत दिला. मग पोचेच्या कॉपीवर शाळेचा शिक्का नव्हता. तिसऱ्या वेळी सगळं होतं पण आवकचा शिक्काच उठेना, पॅड कोरडं ठणठणीत. त्या माणसाने शिक्का तोंडाजवळ नेऊन दोनदा 'हाऽ' केलं आणि कागदावर दाबला, तारीख आली, वर्ष आलंच नाही. पेनने वर्ष घालून मला म्हणाला, झालं मॅडम, आता साहेबांची सही. साहेब मीटिंगला. चौथ्या वेळी साहेब होते, पण फाईल दुसऱ्या टेबलाला आणि ते टेबल रजेवर. पाचव्या वेळी दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली, मला सांगितलं की ४२ मुलांची यादी आधार नंबरसकट जोडा. कोर्ट बघायला आधार! तिथल्या बाकावर बसून मी पर्समधला चिवडा खाल्ला आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं, रागाने.

वर्गातल्या एका पोरीचे मामा वकील आहेत. त्यांना फोन केला तर हसायलाच लागले. मॅडम, कोर्ट खुलं असतं, कायद्यातच आहे तसं, काही नाजूक केसेस सोडल्या तर कुणीही शांत बसून ऐकू शकतं. पोरं एवढी आहेत तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरण आहे, कायद्याची जागृती हे त्यांचं कामच, लेटरहेडवर साधा अर्ज द्या आणि तारीख ठरवून घ्या. दिला. ठरली. हेडसरांनाही तो कागद चालला! मग मी पाच वेळा कुठे गेले होते आणि कशाला, हे अजून कळलेलं नाही. (परवानगीच्या मागे लागण्याआधी हे वाचत असाल तर माझ्यासारखं करू नका, पहिला अर्ज तिथेच द्या. आणि एका वेळी पंधराच पोरं आत न्या, बाकीची बाहेर झाडाखाली.)

पोरं तिथून जरा हिरमुसून आली. न्यायाधीशांकडे हातोडा नाही, गीतेवर हात ठेवून शपथ नाही, ओरडाओरडा तर नाहीच, तासभरात नुसत्या पुढच्या तारखा. एकाने विचारलं, ज्यूरी कुठे बसते? सिनेमाचे परिणाम. आपल्याकडे ज्यूरी कधीच गेली म्हटलं. पुकारा, म्हणजे केस आली की नाव मोठ्याने हाकारतात तो, मात्र सगळ्यांना आवडला, दोन दिवस वर्गात हजेरी पुकाऱ्यानेच.

खटला आमचा आम्ही रचला: स्टाफरूममधून अर्धा किलो कंदी पेढ्यांचा बॉक्स चोरीला. आधी आरोपी आठवीतलाच मुलगा केला होता, तर मामा म्हणाले अठराच्या आतला असेल तर हे कोर्टच नाही, बाल न्याय मंडळ. मग आरोपी १९ वर्षांचा डेकोरेशनवाल्याचा पोऱ्या झाला. हे लक्षात ठेवा, पोरं हमखास स्वतःलाच आरोपी करतात. कलमही नवीन घ्या, जुनं ३७९ सगळ्यांच्या तोंडात बसलंय, पण १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता, चोरीला ३०३. त्यात एक मजा आहे, माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. त्यावर 'खाल्लेला पेढा परत कसा करणार' असा अख्खा तास वाद, शेवटी किंमत परत यावर तडजोड.

सगळ्यात अवघड गेली ती सरतपासणी, म्हणजे वकिलाने आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारणं. सरकारी वकील झालेली पोरगी आपल्याच साक्षीदाराला विचारत होती, "तू आरोपीला बॉक्स उचलताना पाहिलंस ना?" असा उत्तर तोंडात घालणारा प्रश्न उलटतपासणीत चालतो, सरतपासणीत नाही. तिला म्हटलं, प्रश्न 'काय, कुठे, कधी, कोण'ने सुरू कर. चिडली, पण जमवलं.

२६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, खटला उभा राहिला. मी रामशास्त्रींची गोष्ट सांगून सुरुवात केली, ते आपल्या माहुलीचे, राघोबादादांनाही सोडलं नाही. पंच, म्हणजे जप्तीचा साक्षीदार, झालेल्या पोराने बॉक्स आधी पांढरा सांगितला, उलटतपासणीत निळा. न्यायाधीश झालेली मुलगी शांतपणे म्हणाली, संशयाचा फायदा आरोपीला, निर्दोष मुक्तता. अर्धा वर्ग खवळला, "मॅडम, चोरी त्यानेच केली, आपणच लिहिलंय!" मी तिच्याकडे बघितलं, ती वहीकडे बोट दाखवून म्हणाली, पुराव्यात नाही ते. मला काय भारी वाटलं म्हणून सांगू.

त्या ऑफिसचं उत्तर अजून यायचंय.

हां, एक राहिलंच. मुद्देमालाचे बॉक्स दोन आणा. आमचा पहिला रंगीत तालमीतच संपला.