क्लब क्लासात नाव लागेपर्यंत

आमचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, स्टँडर्ड सिरस. पंख १५ मीटर, फ्लॅप (वेगाप्रमाणे पंखाचा आकार बदलणाऱ्या मागच्या कडेच्या पट्ट्या) नाहीत, बांधणी १९७०च्या दशकातली. एवढ्या तीन गोष्टी एका स्पर्धेच्या कार्यालयाने मान्य करेपर्यंत अख्खा हिवाळा गेला. स्पर्धा होऊन गेली तरी तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

मी ग्लायडिंगची सुरुवात पुण्यात हडपसरला केली आणि नोकरीसाठी दक्षिण जर्मनीत आल्यावर परवाना इथे पूर्ण केला. तिकडून इकडे आलेली मुलं स्पर्धेबद्दल विचारतात तेव्हा सगळ्यांना थर्मल (वर चढणारी गरम हवा) आणि वेग याबद्दलच ऐकायचं असतं. मी त्यांना आधी वजनपत्रक, म्हणजे ग्लायडरच्या वजनाची अधिकृत नोंद, काढायला लावतो.

क्लास म्हणजे कोण कोणाशी लढणार याची वाटणी. जागतिक पातळीवर ती एफएआय या हवाई खेळांच्या जागतिक संघटनेचा ग्लायडिंग आयोग ठरवतो. स्टँडर्ड क्लासात १५ मीटर पंख, पण फ्लॅप नाहीत. १५ मीटर क्लासात फ्लॅप चालतात. त्याखेरीज १८ मीटर, दोन आसनी २० मीटर, लहान १३.५ मीटर, पंखांच्या लांबीला मर्यादा नसलेला ओपन, आणि आमच्यासारख्या जुन्या ग्लायडरांसाठी क्लब क्लास. या रेषा सहज आखल्या गेलेल्या नाहीत. १९७४ साली ऑस्ट्रेलियात वायकेरीला जर्मनीच्या हेल्मुट राइशमान यांनी एलएस-२ घेऊन स्टँडर्ड क्लास जिंकला. त्या ग्लायडरला फ्लॅप होते, आणि स्टँडर्डमध्ये फ्लॅप असावेत का यावर त्या काळात मोठा वाद चालू होता. शेवटी क्लास दोन झाले. १९७८ साली फ्रान्समधल्या शातोरूला नव्या १५ मीटर क्लासचं पहिलं जागतिक विजेतेपदही राइशमान यांनीच एसबी-११ मधून घेतलं. सगळ्यांना एकच ग्लायडर देऊन हा प्रश्न सोडवायचाही प्रयत्न झाला. पोलंडचं पीडब्ल्यू-५ निवडून वर्ल्ड क्लास काढला, पण तो फार तग धरू शकला नाही आणि त्या जागी १३.५ मीटर क्लास आला.

क्लब क्लास मला सगळ्यांत न्याय्य वाटतो. वेग वाढवण्यासाठी पंखांत पाणी भरायचं नाही आणि प्रत्येक प्रकाराला त्याच्या कुवतीप्रमाणे निर्देशांक: ग्लायडर जितकं सरस तितका तो मोठा, आणि धरला जाणारा वेग तितका कमी. समजा दोघांनी ३०० किलोमीटरचा मार्ग बरोबर ३ तासांत पुरा केला. निर्देशांक १०० असलेल्याचा वेग १०० धरला जातो, १०४ असलेल्याचा साधारण ९६. जुनं ग्लायडर असलेला माणूसही जिंकू शकतो तो यामुळे. आणि म्हणूनच निर्देशांक चुकला तर उडण्याआधीच निकाल बिघडतो.

परवाना, मेडिकल, विमा यांत काहीच अडलं नाही. अर्जात मी ‘स्टँडर्ड सिरस, विंगलेटसह’ असं भरलं होतं, कारण आधीच्या मालकाने रीतसर मंजुरी घेऊन पंखांच्या टोकांना विंगलेट, म्हणजे वर वळलेले छोटे पंख, बसवले होते. मग सहभागींची तात्पुरती यादी आली. आमच्या नावापुढे नुसतं ‘सिरस’ आणि निर्देशांक त्याच्या थोरल्या भावाचा! सिरस हे १९६७ सालचं, १७.७४ मीटर पंखांचं, ओपन क्लाससाठी केलेलं ग्लायडर. हारो व्होडल यांनी १९६८ मध्ये पोलंडमधल्या लेश्नोला त्यावर जागतिक विजेतेपद मिळवलं. स्टँडर्ड सिरस दोन वर्षांनंतरचं. दोन्ही शेम्प-हिर्ट कंपनीची, दोन्ही क्लाउस होलिगहाउस यांनी रेखलेली, पण पंखांत पावणेतीन मीटरचा फरक.

मी फोन केला. कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, “तुमच्या वजनपत्रकावर सिरस असंच लिहिलंय.” वर्कशॉपने त्या रकान्यात तेवढंच टाइप केलं होतं हे खरं. पण त्याच कागदावर कमाल वजन ३९० किलो, म्हणजे स्टँडर्ड सिरसचंच, होतं, सोबतच्या नोंदणी प्रमाणपत्रावर पूर्ण नाव होतं, आणि पंख मोजायला फक्त टेप लागते. मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, निर्देशांकांची यादी ठेवणाऱ्यांना विचारा. त्यांना लिहिलं तर उत्तर आलं की कोणतं ग्लायडर कोणत्या ओळीत, हे आयोजक ठरवतात. आयोजकांना लिहिलं तर म्हणे तांत्रिक तपासनीस बघतील, आणि तपासनीस मैदानावर येणार स्पर्धेच्या आदल्या दिवशी. तोवर मी रजा टाकायची, ट्रेलर ओढत न्यायचा, आणि तिथे गेल्यावर आपण कोणत्या आकड्याने लढतोय ते कळणार. ईमेल पाठवायचं, वाट पाहायची, फोन करायचा, की तेच गृहस्थ पुन्हा पहिल्यापासून विचारणार. प्रत्येक जण सभ्यपणे बोलत होता आणि एकही जण लेखी काही देत नव्हता. ज्या खेळात शेकडो किलोमीटरच्या मार्गावर सेकंदाचा हिशेब होतो, तिथे विमानाचं नाव नीट लिहायला कुणाला वेळ नसावा, याची मला मनापासून चीड आली.

अखेर यादी सुधारली, तर आता विंगलेट गायब! म्हणजे निर्देशांक असायला हवा त्याहून कमी, आमच्या फायद्याचा. माझे सहमालक सत्तरी ओलांडलेले निवृत्त इंजिनियर आहेत. ते यादी वाचून एवढंच म्हणाले, “फुकटचा अर्धा टक्कासुद्धा नको.” मलाही तसंच वाटत होतं. शिवाय कुणी हरकत घेतली असती तर गुण गेले असते ते आमचेच. पुन्हा पत्रव्यवहार सुरू.

सुटका झाली ती एकाच पानाने. डेटा प्लेटचा (ग्लायडरवरच्या प्रकार लिहिलेल्या पट्टीचा) फोटो, नोंदणी प्रमाणपत्र, टाइप सर्टिफिकेटच्या (त्या प्रकाराच्या अधिकृत मंजुरीच्या) डेटा शीटमधला पंखांच्या लांबीचा भाग आणि विंगलेटची मंजुरी हे सगळं एका पीडीएफमध्ये घातलं. खाली लिहिलं: ‘आमचं ग्लायडर यादीतल्या या ओळीत बसतं. मान्य नसल्यास कारण लेखी कळवावं.’ दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओळीचं उत्तर आलं, मान्य. ते वाचून मी सहमालकांना फोन केला तेव्हा आवाज चढला होता माझा, आनंदाने.

तेव्हा वजनपत्रकावर प्रकाराचं पूर्ण नाव आणि विंगलेटचा उल्लेख वर्कशॉपमधून बाहेर पडण्याआधी घालून घ्या. नोंदणी हिवाळ्यातच उघडते आणि क्लब क्लासच्या जागा भराभर संपतात. चुकीच्या क्लासात नाव गेलं तर प्रतीक्षायादीत अडकाल. मैदानावर वजन होतं तेव्हा पॅराशूट, पिण्याचं पाणी, बॅटऱ्या, जे घेऊन उडणार ते सगळं आत ठेवा. जास्त वजनावर निर्देशांक वाढवण्याचा नियम असलेल्या स्पर्धेत ऐनवेळी मोठी बाटली चढवणं महागात पडतं. आमच्या पंखांत जुन्या पाण्याच्या पिशव्या आहेत. त्या रिकाम्या असल्याचं तपासनीसाला आधीच दाखवलं, तर सकाळी रांगेत पुन्हा थांबवत नाहीत.

आणि हे आत्ता आठवलं: उड्डाणाचा मार्ग नोंदणाऱ्या फ्लाइट रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ग्लायडरचा प्रकार आणि नोंदणीची अक्षरं असतात आणि ती प्रत्येक उड्डाणाच्या आयजीसी फाइलच्या, म्हणजे रेकॉर्डरने केलेल्या नोंदीच्या, सुरुवातीला उमटतात. आमच्या रेकॉर्डरमध्ये आधीच्या मालकाने नुसतं ‘सिरस’ भरून ठेवलं होतं. पहिल्या टास्कच्या (त्या दिवशी उडायच्या मार्गाच्या) आधी ते बदललं. तुमचंही बघून घ्या.