पाटील, शुल्ट्स आणि मूळ आडनाव

जर्मनीतील निवासी इमारतींमध्ये घरांना बहुधा क्रमांक नसतात. खालच्या दारापाशी घंटांची पाटी असते, तिच्यावर केवळ आडनावे असतात आणि पोस्टमनही त्यांवरूनच पत्रे टाकतो. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातून येथे येऊन स्थिरावल्यापासून या पाट्या वाचण्याची मला सवय लागली आहे. म्युलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, वेबर म्हणजे विणकर. अशी आडनावे आपल्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. मला विशेष जवळचे वाटले ते शुल्ट्स.

शुल्ट्स हा जुन्या काळचा गावप्रमुख. गावकऱ्यांकडून धन्याची देणी वसूल करणे आणि गावातील तंटे पाहणे हे त्याचे काम होते. म्हणजे आमच्या गावी ज्याला पाटील म्हणत, तोच हा अधिकार. पुढे पद गेले, नाव उरले. 1876 पासून संपूर्ण जर्मन साम्राज्यात जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली, तेव्हा ज्या रूपात नाव लिहिले गेले त्याच रूपात ते पुढे चालू राहिले. मायर हे एकच आडनाव आज चार तऱ्हांनी लिहिलेले दिसते, त्यामागे असे लिहिणाऱ्यांचे हात आहेत.

आपल्याकडे मुलकी पाटलांचे पद महाराष्ट्र शासनाने 1962 च्या कायद्याने रद्द केले, त्यामुळे आजोबांच्या पिढीने ते पद चालू असलेले पाहिले होते. पद एका घरात असले तरी आडनाव साऱ्या भावकीने लावले, म्हणून सांगली जिल्ह्यात मराठा, जैन, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांत पाटील आढळतात आणि एका गावातले दोन पाटील एकमेकांचे कोणीही नसू शकतात. पाटील या नावाखाली प्रत्येक घराण्याचे एक मूळ आडनाव असते. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. त्यांचे मूळ आडनाव पिसाळ. सोयरीक जुळवताना आजही वडीलधारी मंडळी देवकाबरोबर तेच विचारतात, कारण नाते होऊ शकते की नाही हे त्यावरून ठरते.

पद नसलेल्या घरांची गोष्ट निराळी. मिरजेत मिरजकर आडनाव कोणी कोणाला देणार नाही. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला तेथील लोक ते देतात. जर्मनीत बायर, हेस, बोम ही आडनावे बव्हेरिया, हेसेन आणि बोहेमिया येथून आलेल्यांना अशीच मिळाली. व्यवसायाने आडनाव बदलल्याची उदाहरणे तर आपल्या भागात अभिमानाने सांगावीत अशी आहेत. मिरजेतील शिकलगार शस्त्रे घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. त्यांच्यापैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवण्यास सुरुवात केली आणि त्यांच्या वंशजांचे आडनाव सतारमेकर झाले. सातारा जिल्ह्यातील कटगुणचे गोऱ्हे पुण्यात पेशव्यांना फुले पुरवू लागले आणि फुले झाले. महात्मा जोतीराव त्याच घराण्यातले.

हे सारे येथे राहून लिहावेसे वाटण्याचे कारण माझी मुलगी आहे. तिच्या जर्मन जन्मदाखल्यावर पाटील एवढेच आहे. आमचे मूळ आडनाव मोहिते, पण ते कोणत्याच सरकारी कागदावर नाही. ते घरातल्या बोलण्यात आहे, लग्नाच्या बैठकीत आहे. ज्या मुलांच्या लग्नाला अशी बैठक बसणारच नाही, त्यांच्यापर्यंत ते कसे पोहोचणार, ही मला खरी चिंता वाटते. म्हणून गावाकडच्या वाचकांना माझी विनंती आहे की आजी-आजोबा आहेत तोवर त्यांच्याकडून मूळ आडनाव, मूळ गाव, देवक आणि कुलदैवत विचारून घ्यावे आणि परदेशी असलेल्या मुलांना लिहून पाठवावे. आपल्या भागात बैलावर बसून येणारे हेळवी घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात आणि मोबदल्यात धान्य घेतात. तुमच्याकडे ते अजून येत असतील, तर पुढच्या खेपेला ते काय सांगतात ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे.