आईच्या कार्डावरच्या तीन तारखा

आज कपाट आवरताना आईचं लसीकरणाचं कार्ड सापडलं. पहिला डोस, कोविशील्ड, १५ मार्च २०२१. खाली दुसऱ्या डोसची तारीख: १२ एप्रिल. त्यावर काट. शेजारी १० मे. तिच्यावरही काट. मग निळ्या शाईत, ७ जून.

मी ते कार्ड किती तरी वेळ हातात धरून बसले.

आधी अंतर होतं चार ते सहा आठवडे. मार्चअखेरीस सहा ते आठ झालं. मेमध्ये केंद्रावर गेलो तर दाराला कागद, ‘आज लस उपलब्ध नाही’. मग १३ मे रोजी घोषणा झाली, बारा ते सोळा आठवडे. कारण दिलं होतं ब्रिटनमधल्या अनुभवाचं, अंतर वाढवलं की संरक्षण चांगलं मिळतं. ते खरंही असेल. पण त्याच मे महिन्यात अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना लस खुली झाली होती आणि साठा पुरत नव्हता. जूनमध्ये परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना २८ दिवसांनीच दुसरा डोस देण्याची सोय झाली.

कार्ड दाखवलं तर आई म्हणाली, “तारीख बदलली त्याचं काही नाही गं. शास्त्र बदललं की साठा संपला, एवढं तरी सांगायचं ना कुणीतरी.”

नवा आजार, धोरण बदलणारच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ७ जूनपर्यंत आई रोज रात्री ते कार्ड उशाशी ठेवून झोपायची, हे आठवलं आणि घशात आवंढा आला.

तुमच्या घरच्या कार्डावर किती तारखा खोडल्यात?