४४५ दिवसांचं वर्ष

इ.स.पू. ४६ हे माझं लाडकं वर्ष आहे, कारण रोममध्ये ते चक्क ४४५ दिवस चाललं. अर्थात हे ४६ आहे असं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, इसवी सनाची मोजणी पुढे सहाव्या शतकात डायोनिसियस नावाच्या एका साधूनं काढली. रोमन माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, ज्युलियस सीझर आणि लेपिडस कॉन्सल (म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी) आहेत ना, ते वर्ष. तिकडे चीनमध्ये सम्राट युआनच्या चूयुआन पर्वाचं तिसरं. आज मागे मोजत गेलं तर विक्रम संवत १२ येतो, आणि आपला शक सुरू व्हायला अजून १२३ वर्षं बाकी.

रोमन वर्ष मुळात ३५५ दिवसांचं, मग सूर्याशी मेळ बसवायला अधूनमधून जादा महिना घुसवायचे. आपल्या अधिकमासासारखंच, पण आपला अधिक गणितानं येतो, साधारण ३२-३३ महिन्यांनी, कुणाची मर्जी चालत नाही. तिथे ठरवणार पुजारी, आणि हे पुजारी म्हणजे पक्के राजकारणी, आपला माणूस पदावर असला की वर्ष लांबव, नसला की राहू दे! त्यात मुख्य पुजारी खुद्द सीझर, आणि तो आधी गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स), मग यादवी युद्धात. शेवटी कॅलेंडर इतकं पुढे पळालं की सुगीचे सण सुगीच्या आधीच यायला लागले.

मग अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीस या खगोलज्ञाचा सल्ला घेऊन सीझरनं एका दमात ९० दिवस कोंबले, २३ फेब्रुवारीत आणि ६७ नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्ये. रोममध्ये व्याज महिन्याच्या १ तारखेला भरायचं असायचं, त्यामुळे जादा महिने पाहून कर्जदारांच्या पोटात गोळाच आला असणार.

सिसेरो या रोमन वक्त्याला कुणीतरी म्हणालं, उद्या लायरा उगवणार (आपला अभिजित तारा ज्यात आहे तो तारकासमूह), तर हा म्हणे, हो, तसा हुकूमच निघालाय.

पुढच्या १ जानेवारीपासून ३६५ दिवस, दर चौथ्या वर्षी एक जादा, इतकं सोपं. पण सीझरचा खून झाल्यावर पुजाऱ्यांनी "दर चौथ्या"मध्ये दोन्ही टोकं धरली आणि दर तीन वर्षांनीच लीप इयर करत बसले, ते निस्तरायला मग ऑगस्टसला काही वर्षं लीप इयर बंदच ठेवावं लागलं.