महिन्यातून चार दिवस

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "महिन्यातून चार दिवस येणाऱ्या माणसाला एवढे पैसे कशाला देता हो?" मार्केट यार्डात, लग्नाच्या पंगतीत, बँकेत, सगळीकडे हाच प्रश्न. हा माणूस म्हणजे आमच्या कॉम्प्युटर-सॉफ्टवेअरचे निर्णय बघणारा सल्लागार. विचारणारे बहुतेक सांगली-तासगावचे आमच्यासारखेच व्यापारी. धंदा वाढलेला, सगळं कॉम्प्युटरवर गेलेलं, आणि त्या कॉम्प्युटरचा धनी कोण, हे कुणालाच सांगता येत नाही.

आमचं काम बेदाण्याचं. एका शेतकऱ्याचा माल आला की प्रतवारीत त्याचे तीन-चार भाग होतात, पंधरा किलोचे बॉक्स कोल्ड स्टोरेजला जातात आणि वर्षभर वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना सुटतात. हा हिशेब ठेवायला एका ओळखीच्या मुलाकडून सॉफ्टवेअर करून घेतलं होतं. चांगलं चाललं होतं. मग १ ऑक्टोबर २०२२ पासून दहा कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे व्यापाऱ्याला केलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं झालं. आम्ही त्यात आलो. सॉफ्टवेअरमध्ये बदल हवा होता, पण तो मुलगा नोकरीला बाहेर गेलेला, फोन उचलेना. दुसऱ्याला बोलावलं. त्याने तीन गोष्टी विचारल्या: कोड कुठे आहे, वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर आहे, सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे आहे. तिन्हींचं उत्तर एकच होतं, तो मुलगा. त्याच्या बिलाचा पैसा न् पैसा आम्ही चुकता केला होता. तरी पुढे कितीतरी दिवस आमची पोरं रात्री बसून सरकारी पोर्टलवर एकेक बिल हाताने चढवत होती.

तेव्हा आमचे सीए म्हणाले, "वहिनी, हिशेबाला मी आहे, कोर्टकचेरीला वकील आहेत. ह्याला कोण आहे?" सीए काही आमच्याकडे पूर्ण वेळ नोकरीला नाहीत, आणि त्यांना पैसे का देता असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. मोठ्या कंपन्यांत ह्या माणसाला सीटीओ म्हणतात, म्हणजे चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर, तंत्रज्ञानाचे सगळे निर्णय बघणारा. त्याचा पूर्ण पगार आम्हाला झेपणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला पुरेल एवढं रोजचं कामही आमच्याकडे नाही.

सीएंच्याच ओळखीतून, महिन्यातून चार दिवस येऊन हेच काम बघणारे पुण्याचे एक गृहस्थ मिळाले. पहिल्या भेटीत मी एकच गोष्ट पक्की करून घेतली. आम्ही जे काही विकत घेऊ त्यात त्यांना कुठल्याही कंपनीकडून कमिशन नाही, हे करारात लिहायचं. ते लगेच हो म्हणाले. बाकी सगळं नंतर ठरवता येतं, पण हे आधी ठरलं पाहिजे. सॉफ्टवेअर विकणारा कितीही सज्जन असला तरी तो टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो. आपल्या बाजूला बसून "हे घेऊ नका" म्हणणारा कुणीतरी लागतो.

त्यांनी पहिले दोन दिवस एकही कॉम्प्युटर उघडला नाही. गोडाऊनमध्ये दिवाणजींशेजारी बसून लॉट नंबर, म्हणजे कुठला माल कुणाचा ते ओळखायचा आकडा, कोण लिहितं, कशावर लिहितं, चुकला तर कुणाला कळतं, एवढंच बघत राहिले. मग विचारलं, "बॅकअप घेता का?" म्हटलं, रोज. "तो परत उघडून कधी बघितलाय?" मी गप्प झाले. २०१९ च्या महापुरात, आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले तेव्हा, गणपती पेठेतल्या आमच्या जुन्या ऑफिसात कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप एकाच टेबलाच्या खणात बुडाले होते. त्यानंतर बॅकअपची जागा बदलली, पण तो चालतो का हे कुणी तपासलं नव्हतं. तपासला तर चार महिन्यांपासून रिकामी फाइल जात होती.

कॉपीराइट कायद्याचंही तेव्हाच कळलं. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम सहसा मालकाचा होतो. बाहेरच्याकडून करून घेतलेला मात्र पैसे देऊनही त्याचाच राहतो, लेखी कराराने हक्क आपल्याकडे घेतल्याशिवाय. त्या करारात मुदत लिहिली नाही तर हक्क पाचच वर्षांचा धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. आपला बेदाणा परदेशात जातो, म्हणून दोन्ही लिहून घ्या. वकिलांना दाखवून घ्या.

प्रिंटर बिघडला, वायफाय गेलं, तर त्यांना फोन करायचा नाही. हे घरातल्यांच्या गळी उतरवायलाच सहा महिने गेले. त्यासाठी वालचंद कॉलेजमधून बाहेर पडलेली दोन मुलं ठेवली आहेत, आणि चारातला एक दिवस सर फक्त त्यांना शिकवण्यात घालवतात. मला तो दिवस सगळ्यात मोलाचा वाटतो. एका कंपनीची मोठी यंत्रणा आम्ही घ्यायला निघालो होतो, ती त्यांनी थांबवली. म्हणाले, फेब्रुवारी ते एप्रिल माल येण्याचे दिवस, तेव्हा काही नवं सुरू करायचं नाही, आणि आधी लॉट नंबर नीट करू.

तुमचं काम नुसतं बिलिंगचं असेल, टॅलीसारख्या तयार हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भागत असेल, तर असा माणूस ठेवू नका. टॅलीवाला पुरेसा आहे. तुमच्या धंद्यासाठी खास काही बनवून घेत असाल, तर मात्र बनवणाऱ्याच्या आधी ह्याला शोधा.

पूर्वी कवठेमहांकाळचा एखादा शेतकरी फोन करायचा, "ताई, माझे किती बॉक्स शिल्लक?" तेव्हा आम्ही म्हणायचो, बघून संध्याकाळी सांगते. परवा एकाने विचारलं तर मी फोन कानाला लावूनच सांगितलं: हिरव्याचे एकशे बारा, पिवळ्याचे चाळीस. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "माझ्या वहीतपण तेवढेच आहेत."