घोड्यांसोबत थेरपी शिकायला जाताय? जायच्या आधी हे वाचा

घोड्यांना सोबत घेऊन मानसोपचार कसा करतात, याची थेरपिस्टना ओळख करून देणाऱ्या वर्कशॉपला जाऊन आले. तुमच्यापैकी कोणी जायचा विचार करत असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे, घोड्यावर बसायला मिळेल म्हणून जाऊ नका. हिप्पोथेरपी वेगळी, तिथे घोड्याच्या चालीचा वापर फिजिओ, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्ट करतात. आमचं सगळं काम जमिनीवर उभं राहूनच होतं. अमेरिकेत 1999 मध्ये सुरू झालेल्या इगाला (EAGALA) या संस्थेच्या पद्धतीत तर रायडिंग नसतंच, आणि क्लायंटसोबत कायम दोघं असतात, एक लायसन्स असलेला थेरपिस्ट आणि एक घोड्यांचा जाणकार. हा दुसरा माणूस का लागतो ते तिथे उभं राहिल्यावरच नीट कळतं.

सुरुवातीला बराच वेळ कुंपणाबाहेरून नुसतं बघायला लावलं. कान, शेपूट, नाकपुड्या, कुठल्या पायावर भार आहे. घोडा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे आजूबाजूला काय चाललंय यावर त्याचं सतत लक्ष. डोळे बाजूला असल्याने जवळजवळ 350 अंशांतलं दिसतं, पण अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं नाही, म्हणून जायचं ते बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने. कान मागे चपटे चिकटवले की लांब व्हायचं, नुसते मागे वळलेत तर बहुतेक मागचा आवाज ऐकतोय.

मग एक थेरपिस्ट रिंगणात गेली. ती जवळ गेली तशी घोडीने मान फिरवली आणि चार पावलं लांब गेली, ही लगेच म्हणाली, "तिला मी नकोय." ट्रेनरने एवढंच विचारलं, "दिसलं काय?" ती थोडी अडखळली, मग म्हणाली, "मान वळवली, लांब गेली, थांबली, आणि आता एक कान माझ्याकडे आहे." "मग नकोय हे कुठून आलं?" यावर ती बराच वेळ बोलली नाही, आणि नंतर जे बोलली त्याचा घोडीशी काही संबंध नव्हता.

माझ्या मते सगळं शिक्षण यातच होतं. घोडा तुमचा आरसा आहे, त्याला तुमचं दुःख कळतं, असं ऐकायला छान वाटतं, पण घोडी माशीमुळे हलली असेल, शेजारच्या दांडगट घोड्यामुळेही, आणि ते जाणकारालाच कळतं. अर्थ क्लायंटने लावायचा. आपण आधीच लावून दिला तर सेशन आपलं झालं, त्याचं नाही. खुर्चीत बसून हे मला माहीत होतंच, पण समोर साडेचारशे-पाचशे किलोचा जीव असताना तोंड बंद ठेवणं फार अवघड जातं!

आता तयारीचं. पाय पूर्ण झाकणारे मजबूत बूट घाला, सँडल अजिबात नको. लोंबती ओढणी, लांब कानातले घरीच ठेवा, टोपी आणि पाणी न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा, केसांची किंवा गवताची ॲलर्जी असेल तर आधी कळवा. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घोड्याजवळ मांडी घालून बसायचं नाही, न विचारता खायला द्यायचं नाही. भीती वाटत असेल तर बाहेरून बघा, तेही शिकणंच आहे.

आणि एका वर्कशॉपवर लगेच क्लायंट घेऊन जाऊ नका प्लीज, ही फक्त ओळख आहे. या विषयावरचे बरेच अभ्यास छोटे आहेत, क्लायंटला तसं स्पष्ट सांगायला हवं, शिवाय उघड्यावर बोलताना गोपनीयता कशी राखायची हेही आधी ठरवायला लागतं.

पैसे भरण्याआधी विचारून घ्या: घोड्यांचा जाणकार वेगळा असतो का, घोडे दिवसातून किती वेळ काम करतात, बाकीचा वेळ कळपात मोकळे असतात का, आणि घोड्याला नको असेल तर त्याला निघून जाता येतं का. उत्तरं गोलगोल आली तर दुसरी जागा शोधा.